धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक प्रश्न
आज वसईत रविवारच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, विश्वाचा आरंभ सांगणारा महास्फोट (बिग बँग) खरा की बायबलमधले उत्पत्तीचे पुस्तक?" मी तिला जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंविषयी सांगितले. १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे त्यांनी गणिताने मांडले. मात्र १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा विज्ञान आणि श्रद्धा यांची अशी सरमिसळ लमेत्र यांना रुचली नाही. मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या मते तर निर्मिती म्हणजे केवळ काळाचा पहिला क्षण नव्हे, तर अस्तित्वासाठी परमेश्वरावर सतत अवलंबून असणे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. "म्हणजे आत्तासुद्धा?" तिने विचारले. "हो, आत्तासुद्धा," मी म्हणालो.