देवराई गायब!

आज सकाळी अकराला आमच्या गावची देवराई गायब झाली. म्हणजे, लॅपटॉपवर.

गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रं तपासायची ऑनलाइन सोय) लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या-नव्या चित्रांवरून हिरवाईचा आलेख काढत होते. डिसेंबरचीच चित्रं घेतली. पावसाळ्यात नुसते ढग, आणि मे महिन्यात अर्धी झाडं बोडकी. 2010 पर्यंत रेघ झकास. (मधली दोन वर्षं सोडली, लँडसॅट 7 च्या चित्रांतल्या काळ्या रेघोट्यांना कोण तोंड देणार!) 2013 ला धाडकन शून्याखाली. पोटात गोळाच आला. आईला फोन लावला.

"अगं, आत्ताच दिवा लावून आले. आहे की जागेवर. तुला काय झालं?"

दोन तास डोकं फोडल्यावर कळलं. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळ्या क्रमांकाच्या पट्ट्यात टिपतो. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त परतवतात, म्हणून हिरवाई मोजायला अवरक्तातून लाल वजा करतात. जुन्या लँडसॅट 5 मध्ये लाल पट्टा तिसरा, अवरक्त चौथा. 2013 पासूनच्या लँडसॅट 8 मध्ये तेच चौथा आणि पाचवा. मी पट्ट्यांचे आकडे जुनेच ठेवलेले, त्यामुळे अवरक्तातून लाल वजा व्हायच्या ऐवजी लालातून हिरवा वजा होत होता!

दुरुस्त केलं, रेघ वर आली. फक्त पूर्वेकडचे तीन चौकोन 2017 पासून खरंच उतरलेत. एक चौकोन म्हणजे 30 बाय 30 मीटर. पुन्हा आईला फोन.

"तिथनंच नाही का रस्ता गेला!"