पॅनयार्डमध्ये इंजिन रूमच्या शेजारी

कार्निव्हलपूर्वीचे दिवस त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये काढायचे असतील तर दुपारी झोपून घ्यावे, कारण स्टीलपॅन (तेलाच्या पिंपांपासून घडवलेली, काठ्यांनी वाजवायची सुरेल वाद्ये) वाद्यवृंदांच्या तालमी रात्रीच रंगतात. शार्लट स्ट्रीटवरील रेनेगेड्स या वाद्यवृंदाच्या पॅनयार्डमध्ये, म्हणजे तालमीच्या अंगणात, पोहोचलो तेव्हा बहुतेक श्रोते सर्वांत उंच स्वरांच्या टेनर पॅनच्या गोड सुरावटीसाठी पुढे दाटले होते. मी मात्र मुद्दाम इंजिन रूमजवळ जागा धरली. कोंगा ढोल, ड्रमसेट, घासून वाजवायचा स्क्रॅचर आणि लोखंड, म्हणजे सळईने वाजवायचे मोटारीचे जुने ब्रेक ड्रम, यांचा हा ताल धरणारा ताफा. एक वादक कमरेतून झुलत त्या लोखंडावर तालाची एकच आकृती अखंड वाजवत होता आणि बाकी सगळे तिच्यावर भिस्त ठेवून होते. पलीकडे बासवादक आपल्याभोवती मांडलेल्या पूर्ण उंचीच्या पिंपांमध्ये गर्रकन वळत होता.

युरोपीय वाद्यवृंदात लय समोरच्या संचालकाच्या छडीकडे पाहून राखली जाते. येथे ती या लोखंडातून येते. पश्चिम आफ्रिकेच्या ढोलवादनातही घंटेची आकृती ठरलेली असते आणि इतर ढोल तिच्या आधाराने आपापल्या जागा घेतात. 1881 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर कार्निव्हलचे मिरवणूककरी आणि पोलीस यांची चकमक झाली, पुढे ब्रिटिश सरकारने ढोलांवर निर्बंध घातले, तेव्हा कृष्णवर्णीय वस्त्यांनी बांबूचे लहानमोठे तुकडे जमिनीवर आपटून तीच वीण टिकवली. जाड बांबूने खर्ज सांभाळायचा आणि बारीक बांबूने वर खेळायचे, ही वाटणी 1930च्या दशकात पत्र्याच्या डब्यांकडे व नंतर तेलाच्या पिंपांकडे गेली. वाद्य बदलले, पण एकत्र वाजवण्याची रीत तीच राहिली, असे माझे मत आहे.

याच रेनेगेड्सला नऊ वेळा पॅनोरामा ही स्टीलपॅन वाद्यवृंदांची स्पर्धा जिंकून देणारे संगीत संयोजक जीत समारू भारतीय वंशाचे होते. त्रिनिदादच्या भारतीय लग्नांत ताशा वाजतो, हे ठाऊक असल्यामुळे मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.

तालमीत स्वरलिपीचा कागद क्वचितच कोणासमोर दिसला. संयोजक एक ओळ वाजवून दाखवत, टेनरवादक ती हातात बसेपर्यंत घोटत, आणि एखादा अडखळला की शेजारचाच त्याच्या पॅनवर काठी टेकवून योग्य स्वर दाखवत असे. 1963 पासून भरणारी पॅनोरामा स्पर्धा क्वीन्स पार्क सव्हाना या मैदानावर दिमाखात होते, यात शंका नाही. तरीही निवड करायची झाल्यास मी तालमीचीच करीन: तेथे एकच तुकडा पुनःपुन्हा, कधी मुद्दाम संथ लयीत ऐकायला मिळतो, आणि कोणता विभाग कोणाच्या आधाराने चालला आहे हे उलगडत जाते.