स्वप्नकथा चौकटींत मांडताना

तोक्योतील पुस्तकांच्या दुकानांत मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, कपाटांमध्ये अभिजात साहित्याचाही एक कोपरा असतो आणि अलीकडे माझे बरेचसे वाचन त्याच कोपऱ्यात चालते. तेथे मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांच्या ‘युमे ज्यूया’ने, म्हणजे दहा रात्रींच्या दहा स्वप्नांनी. १९०८ च्या उन्हाळ्यात ‘असाही शिंबुन’ या वृत्तपत्रातून क्रमशः आलेल्या या छोट्या कथांना कोन्दो योको यांनी मांगाचे रूप दिले आणि २०१७ मध्ये इवानामी शोतेन या प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक काढले.

अशा कथा चित्रांत आणणे फार अवघड आहे, कारण लेखकाला जे मोघम ठेवता येते ते चित्रकाराला ठरवावेच लागते. तिसऱ्या रात्रीची कथा पाहा. एक माणूस आपल्याच सहा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन अंधारात शेतांमधून चालला आहे. मूल आंधळे आहे, तरी पुढची वाट तेच सांगते, तेही मोठ्या माणसाच्या आवाजात आणि बापाशी बरोबरीच्या नात्याने. जंगलातल्या एका झाडाच्या बुंध्याशी पोहोचल्यावर ते म्हणते की, बुन्का पर्वाच्या पाचव्या वर्षी, बरोबर शंभर वर्षांपूर्वी, तू मला मारलेस. ते वर्ष म्हणजे १८०८, कथा छापून आली त्याच्या शंभर वर्षे आधीचे. त्याच क्षणी पाठीवरचे मूल जिझोच्या, म्हणजे मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, दगडी मूर्तीसारखे जड होते.

गद्य वाचताना आपण बापाच्या मनात असतो आणि मूल आपल्याही पाठीमागेच राहते. मांगामध्ये मात्र वाचक त्या दोघांच्या समोर उभा असतो, त्यामुळे बापाला न दिसणारा चेहरा आपल्याला दाखवायचा, काळोखात ठेवायचा की केवळ संवादाच्या फुग्यातून आवाजच ऐकवायचा, हा प्रश्न प्रत्येक चौकटीत नव्याने उभा राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की येथे जितके कमी दाखवावे तितकी कथा अंगावर येते. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जात असल्याने डाव्या पानाची शेवटची चौकट फार मोलाची असते. तिथे वाक्य अर्धवट थांबवले की पान उलटेपर्यंतचा तो अवधी भीतीला पुरेसा होतो, आणि छापील कथेत ही सोय नसते.

सहाव्या रात्रीची अडचण वेगळी आहे. कामाकुरा काळातील (बारावे-तेरावे शतक) थोर शिल्पकार उन्केई गोकोकुजी मंदिराच्या महाद्वारी नियोची, म्हणजे वज्रपाणीच्या जपानी द्वारपाल-रूपाची, मूर्ती कोरत आहे आणि भोवती जमलेली बघ्यांची गर्दी मात्र मेइजी काळातली, म्हणजे सोसेकींच्या स्वतःच्या काळातली, आहे, त्यातही रिक्षा ओढणारेच अधिक. गद्यात आधी जुन्या काळाचे वातावरण उभे राहते आणि गर्दी मेइजी काळातली असल्याचे नंतरच्या एका वाक्यात कळते. चित्रात कपड्यांमुळे ते गुपित पहिल्या नजरेतच फुटू शकते. हे मंदिर तोक्योच्या बुन्क्यो भागात आजही आहे आणि मेट्रोच्या युराकुचो लाइनवर त्याच्याच नावाचे स्थानक आहे. तेथील द्वारासमोर उभे राहिल्यावर मला वाटले की चित्रकाराने आधी फक्त द्वार आणि छिन्नी दाखवावी आणि गर्दीला पुढच्या पानापर्यंत थांबवावे.

आजचे जपानी लेखक हारुकी मुराकामी यांच्या कथांवरही मांगा निघाले आहेत. बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या घरी भला मोठा बेडूक येऊन चहा करतो, ही त्यांची कथा तुलनेने सोपी जाते, कारण बेडूक कसा आहे हे लेखकच नीट सांगतो आणि चित्रकाराला भोवतालचे घर मात्र अगदी साधे ठेवावे लागते.

ज्यांना हे वाचायचे आहे त्यांनी आधी सोसेकींची मूळ कथा वाचावी. एकेक स्वप्न जेमतेम काही पानांचे आहे. जपानी शिकणाऱ्यांना ती आओझोरा बुन्को या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तिसऱ्या रात्रीच्या त्या मुलाचा चेहरा तुमच्या मनात आधी कसा उमटला, हे ठरल्यानंतरच मांगा हाती घ्यावा.