चिकणमातीवर गादीवाफा: माझा अनुभव

आधी निचरा तपासला. 30 सेंमी खोल खड्डा घेतला, कुदळीने गुळगुळीत झालेल्या त्याच्या कडा खरवडल्या आणि काठोकाठ पाणी भरलं. ते मुरल्यावर पुन्हा भरून काठी उभी करून मोजलं, तर तासाभरात पाणी जेमतेम 1 सेंमी उतरलं. तासाला अडीच सेंमीपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर बहुतेक भाज्यांची मुळं गुदमरतात, म्हणून गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच उचललेला वाफा, करायचं नक्की केलं.

यात सगळं अवलंबून असतं वाफशावर, म्हणजे माती खणण्याजोगी, ना फार ओली ना फार सुकी असण्यावर. ओली चिकणमाती खणली की फावड्यामागे चकचकीत थर उमटतो आणि पुढे तोच वाळून कवडीसारखा कडक होतो. पाणीही जात नाही, मूळही नाही. पार सुकलेली असेल तर टिकाव उसळून परत येतो. मी रोज 10 सेंमी खालची मूठभर माती घेऊन गोळा वळायचो आणि अंगठ्याने दाबायचो. अंगठ्याचा ठसा उमटला की काम उद्यावर. ज्या दिवशी गोळा फुटून भुगा झाला, त्या दिवशी खणायला घेतलं.

वाफा 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आखला. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे, कारण वाफ्यात पाय अजिबात ठेवायचा नाही. लांबीच्या दोन्ही बाजूंना 50 सेंमीच्या वाटा सोडल्या. वाफ्याच्या तळाची माती 20 सेंमीपर्यंत मोकळी केली, पण उलथली नाही. ढेकळं मुठीएवढी राहिली तरी चालतात. तिच्यावर 5 सेंमी कुजलेलं कंपोस्ट पसरून कालवलं.

हे कालवणं टाळू नये. कडक चिकणमातीवर थेट भुसभुशीत माती ओतली तर दोन्हींच्या सांध्यावर पाणी तुंबतं आणि मुळं तिथूनच आडवी वळतात. तळाशी खडी घातल्यानेही निचरा सुधारत नाही: बारीक कणांची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही, म्हणजे ओलीचिंब पट्टी उलट मुळांच्या जवळ येते. प्लास्टिकही अंथरू नये. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरतात आणि सगळं विटेसारखं घट्ट होतं. फरक पडायला वाळू मातीच्या निम्म्याहून जास्त लागेल.

30 सेंमी उंचीला 600 लिटर भरण लागतं, म्हणजे 10 लिटरच्या 60 बादल्या. वाटांमधली वरची 10 सेंमी माती काढून वाफ्यावर टाकली, त्यातच सुमारे 200 लिटर निघाले. शिवाय वाटा खोलगट झाल्याने जादा पाणी त्यांतून वाहून जातं. त्यांना उताराकडे तोंड मात्र द्यायला हवं. उरलेल्यात 200 लिटर पोयट्याची माती आणि 200 लिटर कंपोस्ट. तिन्ही एकत्र कालवून भरलं, थरावर थर दिले नाहीत. कंपोस्टला आंबूस वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल तर थांबावं, ते अजून कुजतंय. कच्चा लाकडाचा भुसाही मातीत घालू नये. तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात.

फळ्या 4 सेंमी जाडीच्या घेतल्या. 2 मीटरच्या बाजूला मधे एक खुंटी ठोकली नाही तर ओली माती फळीला बाहेर फुगवते. फळ्या नसल्या तरी अडत नाही, कडांना तिरका उतार देऊन फावड्याने थापटल्या की पुरतं.

भरलेली माती खचते, म्हणून 100 लिटर मिश्रण बाजूला राखलं होतं. दोन-तीन वेळा भरपूर पाणी दिल्यावर वाफा चार बोटं खाली बसला, तेव्हा ते वर घातलं आणि मगच रोपं लावली. वर 5 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन, रोपाच्या बुंध्यापासून दोन बोटं दूर. गादीवाफा शेजारच्या जमिनीपेक्षा लवकर सुकतो. बोट पेरभर खुपसून बघावं. टोकाला ओल लागली नाही तरच पाणी द्यावं.