गुरुवारची वही

वाशीतल्या एका बारमध्ये दर गुरुवारी मी कराओके चालवतो. लॅपटॉपवर ट्रॅक लावणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. बाकी सगळी कसरत माझ्या दोनशे पानी वहीत. चार रकाने: नाव, टेबल, गाणं, आणि पट्टी, म्हणजे सूर किती उंच किंवा खाली ठेवायचा ते. पुढचा नंबर कोणाचा यावरून मी इथं जेवढी भांडणं बघितली तेवढी बिलावरून बघितली नाहीत.

गाणारे बहुतेक अठरा ते चोविशीतले. नेरूळ-वाशीच्या कॉलेजांतली पोरं, नाहीतर ऐरोलीच्या कंपन्यांत नुकतीच चिकटलेली. महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात आणि हार्ड ड्रिंकला २५, त्यामुळे निम्म्यांसमोर फ्रेश लाइम सोडाच असतो. आधार बघायचं काम वेटरांच्या कॅप्टनचं. पाच जणांत तीन सोडे, एक मसाला पापड, आणि बूड तीन तास हलत नाही. शेठचा यावर जुना राग. "बिल नाही तर माइक नाही, असं लिही तुझ्या वहीत," हे त्याचं दर आठवड्याचं. मी मान डोलावतो आणि लिहीत नाही. ही पोरं गायली नाहीत तर मोठं बिल करणारी टेबलं कोणाकडे बघत पितील, हे शेठलाही कळतं. हे वाक्य मी त्याला एकदा ऐटीत ऐकवलंही होतं. त्याचा दुसरा अर्थ त्या रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

पोरं माइक धरतात ती व्हिडिओ बघून, जाळी मुठीत आवळून. जाळीच्या मागच्या बाजूला फटी असतात. त्या झाकल्या की माइक फक्त समोरचं ऐकायचं सोडून चहूबाजूंचं ऐकू लागतो, स्पीकरचा आवाज परत पोटात घेतो आणि शिट्टी मारतो. मग पोरगा माझ्याकडे असा बघतो, जणू शिट्टी मीच मारली. दुसरं दुखणं पट्टीचं. ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत येतो. जुन्या गाण्यांत बायकांचे सूर एवढे उंच की आजची पोरगी मुखडा मजेत म्हणते आणि अंतऱ्याला किंचाळते. म्हणून मी आधी बाजूला घेऊन सांगतो, सगळ्यात वरची ओळ म्हणून दाखव. मग पट्टी दोन-तीन पायऱ्या खाली, म्हणजे मायनस दोन, मायनस तीन, जे जमेल ते. कॅसेटच्या काळात पट्टी उतरवायची तर टेप हळू फिरवावी लागे आणि गाणं रेंगाळायचं. आता लय तशीच राहते, पट्टी तेवढी उतरते. गाणाऱ्याला बऱ्याचदा पत्ताही लागत नाही, आणि मीही सांगत बसत नाही.

तो गुरुवार जुलैमधला. दुपारपासून कोसळत होता, ठाणे-वाशीची ट्रान्स हार्बर लोकल रखडत चाललेली. मी कळव्याहून भिजतच पोचलो. साडेआठला जेमतेम तीन टेबलं लागलेली. एक माझ्या नेहमीच्या पोरांचं, त्यात एक चष्मेवाला, ज्याला दर आठवड्याला एकच रॅप म्हणायचा असतो. एक नवरा-बायकोचं, ती दोघं फक्त जेवायला आलेली. आणि कोपऱ्यात चौघे, पन्नाशीकडे झुकलेले, टेबलावर बाटलीच उघडलेली.

पोरांबरोबर त्या दिवशी एक नवीन मुलगी होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजची बॅग मांडीवर, वेणीतून पाणी ठिबकतंय. माइकवर कधी गायली नव्हती. मी विचारलं, "पट्टी कुठली तुझी?"

"नॉर्मल," ती म्हणाली.

साठच्या दशकातलं एक गाणं निवडलं होतं तिनं. वरची ओळ म्हणून घेतली, मायनस तीन केलं, आणि सांगितलं की स्क्रीनवरचे शब्द रंगेपर्यंत थांबू नकोस, रंग नेहमी उशिरा येतो. पहिल्या ओळीला आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीपासून मात्र ती हॉलमध्ये नव्हतीच. डोळे मिटलेले, मोकळा हात मांडीवर ठेका धरतोय. ट्रे घेऊन चाललेला वेटर अर्ध्या वाटेत थांबला. असा वेटर थांबणं ही माझी पावती. टाळ्यांवर माझा विश्वास नाही, पोरं टाळ्या कशालाही वाजवतात.

कोपऱ्यातून टिशू पेपरवर चिठ्ठी आली: वन्स मोअर. हॉल रिकामा होता, लावलं. मग दुसरा टिशू, त्यावर एका गाण्याचं नाव. तिला ते येत होतं. मित्रांकडे बघून हसली, म्हणाली, "लावा ना काका." तिच्यापुढे वहीत दोन नावं होती. मी ती ओलांडली. शेठ काउंटरवरून अंगठा दाखवत होता, कोपऱ्यात दुसरी बाटली गेली होती, आणि मला स्वतःलाही ते गाणं तिच्या आवाजात ऐकायचं होतं. वही मोडली ती मी.

दुसऱ्या अंतऱ्याला चौघांतला पांढऱ्या शर्टातला उठला. सावकाश चालत आला, खिशातून पाचशेची नोट काढली, तिच्या डोक्याभोवती एकदा ओवाळली आणि समोरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवली. तिचे मित्र ओरडले, शिट्ट्या मारल्या, दोघांनी मोबाइल वर केले. तीही गाता गाता हसली. माणूस परत गेला नाही. दोन पावलं मागे सरकून हाताची घडी घालून उभा राहिला.

माझा हात आपोआप फेडरवर, आवाजाच्या सरकत्या खटक्यावर, गेला आणि मी ट्रॅक बंद केला. "सॉरी, ट्रॅक अडकला," म्हणालो.

मी मूळचा कीबोर्डवाला. २००५ साली सरकारनं डान्स बार बंद केले, तेव्हा कितीतरी ठिकाणी नाचाच्या जागी गाणं आलं. ठाण्याच्या बाहेर हायवेवरच्या तसल्याच एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये मी सात वर्षं काढली. लायसनवर चार बाया आणि चार पुरुष, त्या चार पुरुषांतला मी एक. (बायका-पुरुषांच्या आकड्याची ती अट सुप्रीम कोर्टानं २०२२ साली काढली, एकूण आठचा आकडा राहिला.) तिथं नोटेचा भाव ठरलेला असायचा. शंभराला मुखडा, पाचशेला पूर्ण गाणं, आणि त्यावर गेलं की सिंगरनं त्या टेबलाकडे बघून म्हणायचं. नोटा ओवाळून टाकल्या जायच्या, पोऱ्या त्या उचलून डब्यात भरायचा, पहाटे वाटणी. सिंगर निम्म्यालाही खूश असायची. पण नोट ठेवून दोन पावलांवर हाताची घडी घालून उभा राहणारा माणूस मी सात वर्षं कीबोर्डच्या मागून बघितला होता, आणि तो कशाची वाट बघत उभा असतो ते मला माहीत होतं. आमची एक सिंगर अशा वेळी मान न वळवता मला हळूच म्हणायची, "मास्तर, लवकर संपवा." मी मधला म्युझिक पीस गाळून शेवटच्या मुखड्यावर यायचो. कराओकेच्या ट्रॅकमध्ये ते जमत नाही. तो एक तर पूर्ण वाजतो, नाहीतर बंद पडतो.

कराओके म्हणजे जपानीत रिकामा ऑर्केस्ट्रा. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए यानं त्याचं यंत्र बनवलं. तोही बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्यामागे वाजवणाराच. एका गिऱ्हाइकाला सहलीत त्याची साथ हवी होती, त्यानं ती टेपवर भरून दिली आणि तिथून सगळं सुरू झालं. पेटंट काही घेतलं नाही. म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसानं आमच्या पोटावर पाय दिला, तोही फुकटात. पण एक गोष्ट त्यानं छान केली. गिऱ्हाईक गाणारं आणि गिऱ्हाईकच ऐकणारं. पैसे बारला मिळतात, गाणाऱ्याला कोणी देत नाही. या एका कारणासाठी मी भरलेल्या ऑर्केस्ट्रातून रिकाम्यात सुखानं आलो होतो.

मी नोट उचलून कॅप्टनच्या हाती कोपऱ्यात परत पाठवली. पांढरा शर्ट माझ्याकडे आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जड गेलं.

"चुकलं काय माझं? कलाकाराला बक्षीस दिलं."

"सर, ती कलाकार नाहीये इथं. तुमच्यासारखंच गिऱ्हाईक आहे."

"भजनात बुवाला देता तुम्ही लोक. ते चालतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे वडील गणपतीत भजनाला पेटी वाजवायचे. कोणी एक्कावन्न दिले की बुवा माइकवरून नाव पुकारून आभार मानायचे, आणि त्या पैशांतून घरी आलेलं श्रीखंड मी खाल्लेलं आहे. मी म्हणालो, "सर, कायद्यानं पैसे उडवता येत नाहीत." हे खरं होतं. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं डान्स बारवाल्यांना बरीच मोकळीक दिली, टीप चालेल म्हटलं, पण पैसे उडवायची बंदी कायम ठेवली. मात्र त्यानं नोट उडवली नव्हती, ठेवली होती, आणि हा काही डान्स बारही नव्हता. त्याला दोन्ही ठाऊक असावं. तो हसला आणि बिल मागवलं.

शेठ काउंटर सोडून आला. "सात हजारांचं टेबल उठवलंस. उद्या ती पोरगी सोड्यावर सात हजार देणार आहे का?" मी चष्मेवाल्याचं नाव पुकारलं. त्यानं माइकची जाळी मुठीत आवळली, माइकनं शिट्टी मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती शिट्टी बरी वाटली. मोबाइल वर केलेल्या दोघांना व्हिडिओतला तेवढा भाग पुसायला लावला. कुरकुरत पुसला.

अकराच्या सुमाराला आवरलं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून पोरं आणि मी बरोबरच स्टेशनवर आलो. ठाण्याच्या गाडीत सगळे विखरून बसले. ती माझ्या समोर येऊन बसली. सानपाड्यापर्यंत गप्प.

"काका, ट्रॅक अडकला नव्हता ना?"

"नाही."

"ते पाचशे माझे होते ना?"

मी तिला सांगायला लागलो. २००५, ऑर्केस्ट्रा बार, नोटेचा भाव, हाताची घडी. २००५ साली ही नुकती जन्मली असेल किंवा तेवढीही नाही, हे बोलता बोलताच लक्षात आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. कोपरखैरणे गेलं.

"तो माणूस तसा उभा राहिला ते मलाही नाही आवडलं," ती म्हणाली. "पण मला आयुष्यात पहिल्यांदा गाण्याचे पैसे मिळाले होते. परत मीच दिले असते कदाचित. तुम्ही मला विचारलं नाहीत."

"वेळ नव्हता गं."

"ट्रॅक बंद करायला होता ना." घणसोली आलं, बॅग डोक्यावर धरून ती उतरली.

कळव्याला पोचेपर्यंत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होतो आणि दर वेळी हरत होतो. पट्टी मी न सांगता उतरवतो, ट्रॅक न विचारता बंद करतो, आणि दोन्ही वेळा मला वाटतं की मी सांभाळून घेतलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर केलंस. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण पाचशे म्हणजे तिचा महिन्याचा पास निघाला असता रे."

दुसऱ्या आठवड्यात मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: फरमाईश गाणाऱ्याला विचारून, नंबर न मोडता. शेठनं वाचलं, काही बोलला नाही. पांढरा शर्ट त्यानंतर आलेला नाही, आणि ते सात हजार शेठ मला अजून मधूनमधून ऐकवतो.

ती आली, पण दोन गुरुवार सोडून. वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच नाव लिहिलं. गाणं तेच. पट्टीच्या रकान्यात आधी मायनस तीन लिहिलं. मग ते खोडून मायनस एक केलं.

"वरची ओळ म्हणून दाखव आधी," मी म्हणालो.

"नको. लावा."

नंबर आला तेव्हा लावला. अंतऱ्याला ती वरच्या सुराला पोचता पोचता आवाज फाटला, पुढच्या फेरीला कसाबसा लागला. तेवढ्यात वेटर सोडा घेऊन समोरून गेला, थांबला नाही. ती खाली उतरून थेट माझ्याकडे आली, कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी मायनस दोन," आणि वहीत पुढच्या पानावर आत्ताच लिहू का, असं विचारू लागली.