आमची वाटचाल: उसाच्या ट्रॉलीपासून जुन्या एफसीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवर धक्का झेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंग-पट्ट्यांचं दुकान टाकलं, तेव्हा कामं असायची ती ट्रकची आणि उसाच्या ट्रॉल्यांची. पाटा भट्टीत लाल करायचा, घणानं कमान द्यायची, तेलात विझवायचा, पुन्हा बेताचा ताव द्यायचा. गिऱ्हाइकाचं मागणं एकच, पाटा तुटता कामा नये. चालवणाऱ्याच्या कमरेचं कुणी बोलत नसे.

ते पहिल्यांदा बोलले गडहिंग्लजचे एक काका. त्यांच्याकडे महिंद्राची जुनी एफसी-150 पिकअप, विलीजच्या 1957 च्या मॉडेलवरून आपल्याकडे बनलेली. या गाडीत चालक थेट पुढच्या चाकांवर बसतो, त्यामुळे प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात जातो. "एक फेरी मारली की दोन दिवस पाठ टेकून पडतो," काका म्हणाले.

मी चारही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला. रिकामी गाडी मऊ झाली, पण खताची पोती भरताच बुडाला आपटायला लागली. आठवड्यात काका परत दारात. चूक सर्वस्वी माझी होती. वडील एवढंच म्हणाले, "पाटे कमी करू नकोस, त्यांना हलू दे."

मग पूर्ण जोड खोलला. पाट्यांमध्ये गंजाचे पापुद्रे, पाटे एकमेकांना चिकटलेले. एका पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणजे दोन सारखे पाटे एकमेकांवर सरकले तर एकाच्या दुप्पट ताठ, आणि गंजून एकजीव झाले तर आठपटीच्या दिशेनं! खरं दुखणं इथं होतं.

काढलेले पाटे परत घातले. सगळे घासून, टोकांच्या धारा मारून, मध्ये नायलॉनच्या पट्ट्या दिल्या. शॉकअप बदलले. पाट्यांच्या टोकांच्या डोळ्यांत बसणारे बुश रबरी घातले आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाचशे किलोमीटरनंतर पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा ताणले.

आता साताऱ्यापासून बेळगावपर्यंतच्या जुन्या जीप आणि पिकअप आमच्याकडे येतात. हंगामात ट्रॉल्याही असतातच, त्या आम्ही सोडणार नाही.

परवा काका काकूंना त्याच एफसीतून जोतिबाला नेऊन आले. परतताना दुकानात थांबले आणि काकूंनी वडिलांच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.