तुम्ही विचारलंत म्हणून: तेलाचा राग कुणावर काढायचा?

समुद्रात कुठे तेल सांडलं की मला हटकून हा प्रश्न येतो. "काका, तुम्ही जन्म तेलाच्या धंद्यात काढलात. हे बघून काही वाटत नाही का?" 2010 साली मेक्सिकोच्या आखातात झालं तेव्हा विचारलं, 2017 साली चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हा विचारलं, 2025 च्या मे महिन्यात केरळजवळ एमएससी एल्सा 3 बुडालं तेव्हा पुन्हा. विचारणारे इथले बडोद्याच्या दांडिया बाजारातले शेजारीपाजारी, नाहीतर लग्नाकार्यात भेटणारे भाचे-पुतणे. सूर चौकशीचा असतो, पण मी बडोद्याजवळ कोयली-रणोलीच्या तेल कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी केली म्हणून थोडं लाजावं अशी अपेक्षाही त्यात असते.

वाटतं की. राग येतो, आणि तो आधी धंद्यातल्या माणसाचा राग असतो.

मेक्सिकोच्या आखातात तेलाची विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या रिगचंच घ्या. 20 एप्रिल 2010. विहिरीचं तोंड समुद्राखाली दीड हजार मीटरवर, काम ठरल्यापेक्षा महिनाभराहून जास्त मागे पडलेलं आणि रिगचं नुसतं भाडं रोजचं पाच लाख डॉलरच्या पुढे. विहीर तात्पुरती बंद करून रिग हलवायची होती. त्याआधी एक चाचणी करतात. विहिरीवरचा दाब मुद्दाम उतरवायचा आणि थांबून बघायचं. खालचं सिमेंट नीट बसलं असेल तर दाब परत चढत नाही. इथे तो चढला. विहिरीत सोडलेल्या ड्रिल पाइपवर 1400 पीएसआय (हे दाबाचं माप) दिसत होते, शेजारच्या दुसऱ्या पाइपवर शून्य. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले! म्हणजे दोन्हींतलं काहीतरी खोटं बोलतंय आणि कुठलं ते कळेपर्यंत काम थांबवायचं, हे शिकाऊ ऑपरेटरसुद्धा सांगेल. त्यांनी 1400 चा आकडा का दिसतो याचं एक कारण आपापसात शोधून काढलं, शून्यावर विश्वास ठेवला आणि काम पुढे रेटलं. त्याच रात्री स्फोट झाला, 11 माणसं गेली. अशा वेळी विहीर दाबून बंद करणारं जे यंत्र समुद्रतळावर बसवलेलं असतं, त्यालाही पाइप कापून विहीर बंद करता आली नाही.

कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला ही गोष्ट वाचणं सोसत नाही. सोयीचं रीडिंग खरं मानायचा मोह काय असतो ते त्याला माहीत असतं. काम थांबवायचा अधिकार रिगवरच्या प्रत्येकाला होता, कागदोपत्री. शिफ्ट संपत आलेली, वरून फोनवर फोन, अशा वेळी तो कागद किती जणांना आठवतो?

पण टीव्हीवर आपण काय पाहिलं? तेलात माखलेले पेलिकन. त्या 11 जणांबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि अमेरिकेला तरी कशाला नावं ठेवायची? 27 जुलै 2005 ला मुंबईजवळच्या समुद्रात आपल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात एक जहाज तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं. जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती, त्याला उपचारासाठी वर पोचवायचं होतं. आदळताना गॅसचा पाइप फुटला, सगळा प्लॅटफॉर्म जळून गेला, 22 माणसं गेली. आदल्याच दिवशी मुंबई पाण्याखाली गेलेली, त्यामुळे ही बातमी आतल्या पानावर सरकली. बडोद्यात कितीतरी घरांचा पगार तेल-गॅसवर येतो, तरी इथेसुद्धा ही आग आठवणारे थोडेच.

पुन्हा अमेरिकेकडे येतो. तिथल्या लोकांच्या रागाचं म्हणाल तर तो पाहण्यासारखा होता. ती विहीर ज्या बीपी कंपनीची, तिच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार घातला गेला. बरेचसे पंप गावातल्याच कुणा छोट्या मालकाचे, बोर्ड तेवढा कंपनीचा, त्यामुळे फटका त्याला बसला. समोरच्या चौकात दुसऱ्या कंपनीचा पंप होताच, गाडी तिकडे वळवून टाकी फुल्ल. देशभरच्या सलूनांमधून कापलेले केस गोळा करून पाठवले, तेल टिपायला. केस तेल शोषतात हे खरं, पण पाणीही शोषतात आणि बुडतात, म्हणून ते बहुतेक पडूनच राहिले. विहीर कशी बुजवावी याच्या लाखावर सूचना कंपनीकडे गेल्या. हसू नका, कंपनीने स्वतः गोल्फचे चेंडू आणि टायरचे तुकडे आत ढकलून पाहिले होते. तेल किती वाहतंय याचा आकडाही असाच, आधी दिवसाला 1000 बॅरल म्हणाले, शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज सुरुवातीच्या दिवसांसाठी 62,000 वर गेला. लोक चिडले ते बरोबरच होतं.

मला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. ओबामा सरकारने खोल समुद्रातल्या खोदकामावर सहा महिन्यांची बंदी घातली. 15 जुलैला विहिरीचं तोंड एकदाचं बंद झालं. आणि 21 जुलैला लुईझियानातल्या लाफायेत गावात दहा हजारांवर माणसं जमली ती "खोदकाम सुरू करा" म्हणायला. किनारा त्यांचा, कोळंबी त्यांची, तेलही त्यांच्याच दारात आलेलं. त्याच राज्यात मॉर्गन सिटीला दरवर्षी कोळंबी आणि पेट्रोलियम अशा दोहोंचा मिळून एक उत्सव भरतो. एक भाऊ बोटीवर, दुसरा रिगवर, अशी घरं. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला नाही म्हणवत.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? विहीर अजून वाहत होती आणि 25 जूनला दिल्लीने पेट्रोलचे दर बाजारावर सोडले. लिटरमागे साडेतीन रुपये वाढले. 5 जुलैला भारत बंद! सूरसागर तळ्याच्या पाळीवर संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या मंडळींत त्या आठवड्यात आखाताचं नाव निघालं नाही, साडेतीन रुपयांचं रोज निघालं. मग 7 ऑगस्टला मुंबईच्या तोंडाशीच एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं. माझ्या दादरच्या मावसबहिणीचा फोन आला, "अरे, तू तेलातला ना, पापलेट घेऊ का नको?" मी थांब म्हटलं. पर्यावरण तिच्या घरात आलं ते असं, कोळणीच्या टोपलीतून.

अशा गप्पांत कुणीतरी शहाणा शेवटी म्हणतोच, "जाऊ दे हो, गाडी आपण सगळेच चालवतो, दोष सगळ्यांचाच." याची मला मनापासून चीड आहे. 1400 पीएसआयकडे दुर्लक्ष स्कूटरवाल्याने केलं नाही. ते ठरावीक माणसांनी, ठरावीक घाईपोटी केलं, आणि त्याची भरपाई त्यांच्याच खिशातून जायला हवी. एन्नोरला तेलाचा पाण्यात कालवून घट्ट लगदा झाला. तो पंपाने ओढला जाईना, तेव्हा कॉलेजची पोरं आणि कोळी बादल्यांनी तो उपसत होते. दोष सगळ्यांचा असता तर बादल्याही सगळ्यांच्या हातात दिसल्या असत्या.

तेल लागतं किती आणि का, हा प्रश्न आहेच, पण तो निराळा. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली ती अंकलेश्वरच्या तेलावर. आपलं तेल, आपली रिफायनरी, केवढं अप्रूप होतं! आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं. कच्छच्या आखातात टँकर लागतात आणि तिथून पाइपलाइनने ते इथवर पोचतं. म्हणजे एखादा टँकर उद्या तिथेच फुटला तर ते तेल आपल्याच वाटेवरचं असेल.

आणि हे लागणं कुणाच्या चैनीने वाढलेलं नाही, निदान आमच्या भागात तरी. गायकवाडांच्या राज्यात बडोद्याजवळच्या डभोईहून चारी दिशांना अरुंद रुळांची छोटी आगगाडी धावायची. कापूस न्यायची, माणसं न्यायची. पार 1862 मध्ये तिचे डबे बैल ओढायचे, मग इंजिनं आली. त्यातल्या बऱ्याच लाइनी आता बंद झाल्या, काही रुंद रुळांच्या झाल्या. माझ्याकडे दूध घालणारा तिकडचाच आहे. त्याचे वडील गाडीने यायचे, हा बाइकने येतो, कारण गाडीच नाही. त्याने पेट्रोल सोडायचं ठरवलं तर दूध कशावर आणील, हे मला कुणी सांगत नाही. हा प्रश्न बहिष्कार घालून सुटायचा नाही, रूळ आणि बस कुठे घालायची हे ठरवणाऱ्यांना तो विचारावा लागेल. पुढच्या गळतीच्या वेळी मला काय वाटतं ते जरूर विचारा, पण वॉर्डाच्या नगरसेवकाकडे जाऊन सिटी बस संध्याकाळी सातनंतर इतकी कमी का होते, तेही विचारून या.